जेथ्रो टल : रॉक बँडच्या नावातली पाभर

प्रश्न असा आला आहे : ‘जेथ्रो टल’ हे त्या एका पायावर उभं राहून बासरी वाजवणाऱ्या गायकाचं नाव आहे का? नसेल, तर ते कुणाचं, त्याचा अर्थ काय, आणि या नावाचा त्यांच्या संगीताशी काही संबंध आहे का?

थेट उत्तर आधी देतो. बासरी वाजवणारा तो इयन अँडरसन, ‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक. जेथ्रो टल नावाचा माणूस या बँडमध्ये कधीच नव्हता. तो 1674 साली इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यात जन्मला आणि 1741 मध्ये वारला. शेतीच्या इतिहासात त्याचं नाव घेतलं जातं ते पेरणीयंत्रासाठी. म्हणजे आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर या बँडला एका पाभरवाल्याचं नाव आहे.

आता सविस्तर. माझी सगळी नोकरी कृषी अवजारांत गेली. पेरणीयंत्रांच्या चाचण्या घेणं, ती दुरुस्त करणं आणि मुलांना शिकवणं हे काम मी 34 वर्षं केलं. पण जेथ्रो टल हे नाव मला पुस्तकाआधी कॅसेटवर भेटलं. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मित्राकडे ‘ॲक्वालंग’ या अल्बमची कॅसेट होती, आणि ती फीत ताणली जाईपर्यंत आम्ही ऐकली. काही महिन्यांनी अवजारांच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘जेथ्रो टल, 1701’ असं लिहिलं, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सरांना वाटलं, आम्हाला पेरणीयंत्रात फार रस आहे. तो रस खरोखरच तिथून लागला, आणि या नावाचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे.

बँडला नाव कसं पडलं ते आधी सांगतो, कारण त्यात अर्थ शोधायला जाल तर हाती फार काही लागणार नाही. इयन अँडरसन मूळचा स्कॉटलंडचा, वाढला इंग्लंडच्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावात. तिथल्या मित्रांबरोबर त्याचा बँड होता. 1967 च्या शेवटी सगळे नशीब काढायला दक्षिणेकडे, लंडनजवळच्या ल्यूटनला आले. थंडी, रिकामे खिसे. थोड्याच दिवसांत बरेच जण घरी परतले. अँडरसन आणि बासगिटार वाजवणारा ग्लेन कॉर्निक मागे राहिले. त्यांना ल्यूटनमधलेच दोघे मिळाले, गिटारला मिक एब्रहॅम्स आणि ड्रम्सला क्लाइव्ह बंकर. चौघांचा बँड उभा राहिला, पण नाव ठरेना.

आणि ठरत नव्हतं त्याला कारण होतं. लंडनच्या क्लबांमध्ये एकदा वाजवलं आणि मालकाला आवडलं नाही, की त्या नावाला पुन्हा तारीख मिळत नसे. म्हणून कार्यक्रम मिळवून देणारी एजन्सी दर वेळी नवं नाव लावून त्याच पोरांना पुन्हा पाठवायची. कधी ‘नेव्ही ब्लू’, कधी आणखी काही. ही नावं बहुतेक वेळा एजन्सीतली माणसंच सुचवायची. त्यांच्यात एकाला इतिहासाची आवड होती. त्याच्या डोक्यात अठराव्या शतकातला हा शेतकरी आला आणि त्या आठवड्यापुरतं नाव पडलं ‘जेथ्रो टल’. नेमक्या त्याच आठवड्यात लंडनच्या प्रसिद्ध ‘मार्की’ क्लबच्या व्यवस्थापकाला त्यांचं वाजवणं आवडलं आणि त्यांना परत या म्हणून सांगण्यात आलं. आता नाव बदललं तर मिळालेली तारीख जाणार. 1968 चा फेब्रुवारी होता. नाव राहिलं ते राहिलंच.

नाव किती कच्चं होतं बघा. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीवर ते चक्क ‘जेथ्रो टो’ असं छापलं गेलं. टलच्या जागी टो, म्हणजे पायाचं बोट. हे नाव इतिहासातल्या खऱ्याखुऱ्या माणसाचं आहे हे अँडरसनला सुरुवातीला माहीतच नव्हतं. पुढे त्याने अनेक मुलाखतींत याबद्दल संकोच बोलून दाखवला आहे. दुसऱ्याचं नाव आपण चोरलं असं त्याला वाटत आलं. तेव्हा, बँडने पेरणी, अंकुर, मातीशी नातं असा काही विचार करून हे नाव घेतलं, असं कुणी सांगितलं तर मानू नका.

नावातल्या शब्दाचा अर्थ विचारलात, तो असा. ‘जेथ्रो’ हे बायबलमधलं नाव. मोशेचा सासरा, मिद्यान देशाचा याजक, ज्याची मेंढरं मोशे राखत होता, तो हा. मराठी बायबलमध्ये तुम्हाला तो ‘इथ्रो’ म्हणून सापडेल. मूळ हिब्रू शब्दाचा संबंध विपुलतेशी, भरपूर असण्याशी जोडतात. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मुलांना जुन्या करारातली नावं ठेवायची सर्रास पद्धत होती. टल हे आडनाव. शब्दाच्या बाजूने एवढंच.

खरी गंमत माणसात आहे. त्याच्या यंत्राची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगत आलो, आणि संगीताशी संबंध काय या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

टल शेतकरी व्हायला निघालाच नव्हता. ऑक्सफर्डला शिकला, लंडनमध्ये वकिलीचा अभ्यास केला, 1699 मध्ये सनद मिळाली. पण तब्येत साथ देईना. लग्न करून तो ऑक्सफर्डशायरमधल्या वॉलिंगफर्डजवळ हाउबेरी इथल्या घरच्या शेतीवर आला. तिथे त्याला सेनफॉइन नावाचं चाऱ्याचं पीक घ्यायचं होतं, आपल्या लसूणघासासारखं. तेव्हा तिकडे सगळी पेरणी फोकून व्हायची. माणूस झोळीतून मूठ भरून बी फेकत चालायचा. निम्मं बी उघड्यावर पडून पाखरांच्या तोंडी जायचं, काही खोल गाडलं जायचं, कुठे दाट तर कुठे पार विरळ. टलने मजुरांना सांगितलं, सऱ्या पाडा, त्यात ठरावीक अंतरावर बी टाका आणि झाका. मजुरांनी नकार दिला. मालकाचं नवं खूळ त्यांना मान्य नव्हतं. तेव्हा त्याने ठरवलं, हे काम करणारं यंत्रच बनवायचं.

अडचण एकच होती. बी सोडायचं कसं? सगळं एकदम सांडायला नको, अडकायला नको, चिरडायला नको. चाक जितकं फिरेल तितकंच पडलं पाहिजे. इथे टलला आठवला चर्चमधला ऑर्गन. त्याला संगीताची आवड होती, आणि ऑर्गनच्या पोटातली रचना त्याने पाहिलेली होती. हवेच्या पेटीवरची खाच, त्या खाचेवरची जीभ आणि जिभेला दाबून धरणारी स्प्रिंग. ही कल्पना आपण ऑर्गनवरून घेतली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

ऑर्गन आपल्याकडे फारसा पाहायला मिळत नाही, पण त्याची धाकटी बहीण घरोघरी आहे. पेटी, म्हणजे हार्मोनियम. मी वर्गात एक जुनी पेटी घेऊन जायचो आणि वरची फळी काढून मुलांना जवळ बोलवायचो. पट्टीखाली एक भोक असतं, त्यावर चामडं लावलेली झडप, आणि झडप घट्ट बसवून ठेवणारी तारेची स्प्रिंग. भात्यात हवा भरून ठेवलेली आहे, बाहेर पडायला टपलेली आहे, पण झडप तिला सोडत नाही. बोट पडलं की झडप उचलते, तेवढीच हवा सुरावर जाते. बोट उचललं की स्प्रिंग झडपेला परत बसवते. आता हवेच्या जागी बी ठेवा, भात्याच्या जागी बियांची पेटी, आणि बोटाच्या जागी चाकाबरोबर फिरणारा खाचांचा रूळ. खाच वर आली की तीत मोजके दाणे बसतात, रूळ फिरला की खाली सुटतात. मध्ये स्प्रिंग लावलेली जीभ असते. एखादा दाणा आडवा आला तर ती मागे सरते, त्यामुळे दाणा फुटत नाही. खाली नळ्यातून बी फणाने पाडलेल्या सरीत उतरतं आणि मागून दाताळं माती ओढून झाकतं. एका वेळी तीन ओळी. साल 1701.

तर संगीताशी संबंध काय, याचं माझं उत्तर हे आहे. ज्या यंत्रामुळे टलचं नाव उरलं, ते एका वाद्याच्या पोटातून निघालं, आणि अडीचशे वर्षांहून जास्त काळाने ते नाव पुन्हा वाद्यं वाजवणाऱ्यांकडे आलं. एजन्सीतल्या त्या इतिहासप्रेमी माणसाच्या हे मनात असेल असं मला वाटत नाही. पण मला ते योगायोगापेक्षा जास्त वाटतं, आणि ते कॅसेटचं कव्हर मी अजून जपून ठेवलं आहे.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर मराठी माणसाने हा विषय अर्धाच मांडला असं होईल. टल हा पेरणीयंत्राचा ‘जनक’ असं पाठ्यपुस्तकांत छापतात. ते सरसकट खरं नाही. ओळीत पेरणारी अवजारं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. बाबिलोनच्या लोकांकडे नळ्यातून बी सोडणारा नांगर होता. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी अनेक नळ्यांची पाभर चालत होती. इटलीतही टलच्या आधी शंभर वर्षं असे प्रयत्न झाले होते. आणि आपल्याकडे तिफण, म्हणजे तीन फणांची पाभर, होतीच. अठराव्या शतकाच्या शेवटी दक्षिण भारतात नेमलेल्या हॅल्कॉट नावाच्या इंग्रज कॅप्टनने इथली पाभर चालताना पाहिली आणि तिच्याविषयी मायदेशी लिहून कळवलं. हे अवजार युरोपचा अलीकडचा शोध आहे अशी तोवर त्याची समजूत होती.

तिफणीचा आणि टलच्या यंत्राचा फरक समजला, की टलचं मोठेपण नेमकं कशात ते कळतं. बाभळीच्या लाकडाची तिफण डोळ्यांसमोर आणा. आडव्या दिंडाला तीन फण, प्रत्येक फणामागे पोकळ वेळूचा नळा, तिन्ही नळे वर जाऊन एका लाकडी चाड्यात मिळालेले. पुढे बैलजोडी. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की मागे चालणारा किंवा चालणारी चाड्यावर मूठ धरते आणि बी सोडत जाते. ‘चाड्यावर मूठ धरली’ म्हणजे पेरा सुरू झाला, हे आपल्याकडे कुणालाही कळतं. त्या मुठीत सगळी विद्या आहे. करंगळीच्या बाजूने दाणे सैल होतात, अंगठा वरून रेटतो, बैलांची चाल वाढली की मूठही वाढते. माझ्या आजोळी एक आत्या होत्या. त्यांनी पेरलेली ज्वारी उगवली की तासात कुठेही नांगी भरायला, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टाकायला, लागत नसे. मी अभियंता झाल्यावर त्यांच्या मुठीतून पडणारं बी एकदा मीटर-मीटरला मोजलं. ओळीतल्या दाण्यांच्या संख्येत जो फरक आला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राइतकाच होता.

पण आत्यांची मूठ आत्यांबरोबर गेली. टलने नेमकं हेच केलं की ती मूठ चाकाला बांधली. किती बी पडायचं हे हातावर, अंगमेहनतीवर किंवा जनावराच्या चालीवर न ठेवता चाक किती अंतर चाललं त्यावर ठेवलं. घोडा जोरात चालला तर चाकही जोरात फिरतं, पण एका फेऱ्याला बी तेवढंच. आज ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या प्रत्येक पेरणीयंत्रात हेच तत्त्व आहे. पेरणीआधी यंत्र कसं तपासतात ते सांगतो, म्हणजे लक्षात येईल. यंत्राचं जमिनीवरचं चाक समजा 40 सेंटीमीटर व्यासाचं आहे, म्हणजे एका फेऱ्यात ते सव्वा मीटर चालतं. 5 फण, दोन ओळींत 45 सेंटीमीटर, म्हणजे रुंदी सव्वादोन मीटर. एका फेऱ्यात पावणेतीन चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त क्षेत्र पेरलं जातं, हेक्टरला साधारण 3,500 फेरे. सोयाबीन हेक्टरी 75 किलो पेरायचं असेल तर फेऱ्याला 21 ग्रॅम पडलं पाहिजे. मग यंत्र जॅकवर उचलायचं, प्रत्येक नळ्याला पिशवी बांधायची, चाक हाताने 20 वेळा फिरवायचं आणि पिशव्या तोलायच्या. प्रत्येकीत 85 ग्रॅमच्या आसपास बी आलं तर यंत्र सुरात आहे. ‘सुरात’ हा शब्द मी वर्गात मुद्दाम वापरायचो.

टलचं दुसरं काम मला याहूनही महत्त्वाचं वाटतं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हाउबेरी सोडून तो बर्कशायरच्या सीमेवर, हंगरफर्डजवळच्या शेतावर गेला. त्या शेताचं नाव ‘प्रॉस्परस’, म्हणजे भरभराटीचं. मध्ये तीनेक वर्षं प्रकृतीसाठी फ्रान्स आणि इटलीत काढली. तिथल्या द्राक्षबागांत वेलींच्या ओळींमधली माती सारखी हलवतात, आणि खताशिवाय वेली जोमात असतात, हे त्याने पाहिलं. परत आल्यावर तेच गव्हात केलं. ओळीत पेरलं असल्यामुळे दोन ओळींमधून घोड्याला जुंपलेलं, तण काढणारं कोळपं चालवता येऊ लागलं. 1731 पासून त्याने यावर लिहिलेलं छापून येऊ लागलं. त्याच्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ आपल्या भाषेत ‘घोड्याच्या कोळपणीची शेती’ असा होतो. विदर्भातला शेतकरी याला डवरणी म्हणेल. फोकून पेरलेल्या पिकात कोळपं चालत नाही, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. इंग्लंडला ते टलने दाखवलं.

त्याची मीमांसा मात्र चुकली. त्याला वाटलं, झाडं मातीचे बारीक कण खातात, म्हणून माती जितकी भुसभुशीत तितकं अन्न जास्त, खताची गरज नाही. एकाच शेतात 13 वर्षं खताविना गहू घेऊन त्याने ते पटवायचा प्रयत्न केला. खरं कारण वेगळं होतं. कोळपणीने तण जातं, वरची भेग मोडून ओल टिकते, हवा खेळती राहते. कारण चुकलं तरी कृती बरोबर होती. त्याच्या हयातीत लोकांनी त्याची टवाळी केली, मजुरांशी भांडणं चालूच राहिली, आणि पेरणीयंत्र इंग्लंडभर पसरायला पुढे शंभरेक वर्षं लागली.

आता परत बँडकडे. नाव अपघाताने आलं, पण अँडरसन हळूहळू त्या नावाच्या जवळ सरकत गेला, असं मला वाटतं. 1977 आणि 1978 चे त्यांचे अल्बम ऐका. रान, गावचे जुने सण, ऋतू यांची गाणी त्यांत आहेत. 1978 चा ‘हेवी हॉर्सेस’ तर ट्रॅक्टर आल्यावर शेतातून गेलेल्या नांगरटीच्या थोराड घोड्यांवर आहे. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्या गावात बैलजोड्या निम्म्यावर आल्या होत्या. शीर्षकगीतात घोड्यांच्या जातींची नावं येतात, तशी मला खिल्लार, डांगी, लाल कंधारी आठवली. त्याच सुमारास अँडरसनने स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जमीन घेतली आणि पुढे तिथे सामन माशांची शेती केली. ती बरीच वर्षं चालली आणि तिच्यावर अनेकांची घरं चालत होती.

मराठी मुलखाशी या बँडचा एक धागा आहे, तोही सांगतो. 2008 च्या नोव्हेंबरात ते सतारवादक अनुष्का शंकर यांच्याबरोबर भारताच्या दौऱ्यावर होते. मुंबईचा कार्यक्रम 29 तारखेला ठरला होता. 26 तारखेला हल्ला झाला आणि तो रद्द झाला. पण त्यांनी मुंबई सोडून दिली नाही. 5 डिसेंबरला ‘अ बिलियन हँड्स’ या नावाने हल्ल्यानंतरची मैफल म्हणून तो मुंबईतच झाला.

आणि 2015 मध्ये अँडरसनने ते केलं ज्याची मी कॉलेजपासून वाट बघत होतो. टलचं चरित्र वाचताना त्याला दिसलं, की आपली कितीतरी जुनी गाणी या माणसाच्या आयुष्याला लागू पडतात. त्यातून त्याने ‘जेथ्रो टल : द रॉक ऑपेरा’ रंगमंचावर आणला. गोष्ट जवळच्या भविष्यकाळात नेली. तिथला टल जगाला अन्न कसं पुरवायचं या प्रश्नाशी झगडतो, बियाण्यांत जनुकीय बदल करावेत की नाही हा पेच त्याच्यापुढे येतो. एका आठवड्यापुरतं उसनं घेतलेलं नाव 47 वर्षांनी त्याच्या मूळ मालकाची गोष्ट सांगायला वापरलं गेलं.